छाट

गड्ड्याचे पाळणे उतरत होते
तेव्हा सासूबाईंची मराठी गेली.
आधी नावं: चमचा, किल्ली, मी.
मग क्रियापदं.
एका सकाळी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नुव्वेव्वरु?"
भाकरी तव्यावर तशीच राहिली.

बत्तीस वर्षं माझ्याशी मराठीच बोलल्या,
मी मंगळवेढ्याची म्हणून.
लग्नाला आल्या नव्हत्या,
पण भांडण्यापुरती भाषा शिकून ठेवली होती.
मी त्यांची तेलुगू ऐकली
भिंतीपलीकडचा माग ऐकतात तशी.
खटाखट ओळखीची,
कापड कसलं ते कधी विचारलं नाही.

दवाखान्यात फॉर्म होता.
डॉक्टर तरुण, मायाळू, लातूरकडचा.
"आजी, आज वार कोणता?"
"जीतम्."
फुली.
"शंभरातून सात गेले?"
त्या त्याच्या बोटांकडे बघत बसल्या,
पेन किती ढिलं धरतो हा.
तिसांपैकी चार.

ब्रँचमधला मुनशी असाच बसायचा म्हणे.
मूठभर विड्या उचलायचा,
नीट न बघता बाजूला टाकायचा: छाट.
छाटीचे पैसे नाहीत.
विड्या मात्र ठेवून घ्यायचा.

जावेनं लिंबू उतरवलं.
नणंद फोनवर म्हणाली, वय झालं की होतंच.
अंबादास, त्यांचा मुलगा,
घरात त्यांची भाषा येणारा एकटाच,
टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी मागून घेतो.
त्याला बघवत नाही.
मला बघवतं का, हे विचारायचं राहून गेलंय
सगळ्यांचंच.

मग पलीकडच्या हमीदाबी आल्या.
एका उंबऱ्यावर दोघींनी वीस वर्षं विड्या वळल्या,
एक दख्खनीत, एक तेलुगूत,
महागाईवर मराठीत.
म्हणाल्या, "पानी नक्को बोल. नीळ्लु बोल. देख कैसे पीती."
प्यायल्या.
नातवाच्या जुन्या वहीत मी लिहून काढलं:
नीळ्लु. बुव्वा. कूर्चो.
भयम् लेदु, म्हणजे भीती नाही.
हे गच्चीवर कपडे वाळत घालताना
मी स्वतःलाच म्हणून बघितलं.

चुकतं.
रात्री दीडला त्या दार वाजवत होत्या,
बाप न्यायला आलाय म्हणून.
झोपा म्हणायचं होतं, पडुको.
माझ्या तोंडून गेलं, पाडु.
पाडु म्हणजे गा.
थबकल्या. पदर सारखा केला.
आणि गायल्या.
गल्लीतले तीन दिवे लागले,
कुणी ओरडलं नाही.
मी खाली बसून टाळ्यांचा ठेका धरला,
तोही बहुतेक चुकीचा.

एका दुपारी सहज विचारलं,
हमीदाबी, जीतम् म्हणजे काय हो?
पगार.
आमचा पगार शनिवारी व्हायचा.
घरी येऊन दवाखान्याची चिठ्ठी काढली, कॅलेंडर बघितलं.
शनिवार.

डॉक्टरला जाऊन सांगितलं.
छापील फॉर्म, फुली काही निघत नाही.
पण त्यानं कोपऱ्यात पेनानं लिहिलं: तेलुगू.
आणि दोनदा गिरवलं.

आता दुपारी सूप मांडते.
हमीदाबी कापलेली पानं देतात, तंबाखू नाही,
आम्ही चिमूटभर ओवा भरतो.
त्यांची बोटं काही विसरलेली नाहीत.
ओकटि, रेंडु, मूडु,
पंचविसाचा कट्टा, दोरा, गाठ.
मीही वळते.
माझी विडी पोटात फुगते, तोंडाशी उलगडते.

काल त्यांनी ती उचलली,
डोळ्यापाशी नेली.
बराच वेळ बघितलं, मुनशीनं कधी बघितलं नसेल इतका वेळ.
मी श्वास धरून बसले, खोटं कशाला सांगू.
"बिड्डा," म्हणाल्या,
आणि कट्ट्यात मधोमध घातली,
जिथं चटकन दिसणार नाही.